घरातला पाचवा टायर

मोटारीला चाके चार, पण टायर पाच लागतात. रिक्षाचा हिशेब तीन अधिक एक. ज्या घराची चूल गाडीवर पेटते, त्या घराला हा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. पण हा जादाचा टायर कुठे ठेवायचा, कसा ठेवायचा आणि किती वर्षे ठेवायचा, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. दाराआड, जिन्याखाली, पत्र्यावर, गटाराच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे तो पडतो. मग नड आली की काढायला जावे, तर त्याच्यात पाणी, पाण्यात किडे आणि रबराला भेगा. वडिलांची टॅक्सी, थोरल्या भावाचा टेम्पो आणि आता पुतण्याची प्रवासी मोटार, असा आमच्या घराचा चाळीस वर्षांचा टायरशी संबंध आहे. त्या अनुभवातून आणि पुढे जे विचारले-वाचले त्यातून काही गोष्टी वाचकांपुढे मांडत आहोत.

‘स्टेपनी’ हा शब्द आपण इतका वापरतो की तो मराठीच वाटतो. त्याचे मूळ मात्र वेल्समध्ये आहे. तिथल्या लानेली गावात स्टेपनी नावाचा रस्ता आहे. १९०४ साली तिथे डेव्हिस बंधूंनी जादा चाक तयार करून विकायला सुरुवात केली. त्याआधी मोटारीबरोबर जादा चाक नसे. पंक्चर झाले की भर रस्त्यात टायर उतरवायचा, ट्यूब जोडायची, पुन्हा चढवायचा आणि मग पुढे जायचे. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, आपल्याकडे मात्र गॅरेजपासून स्वयंपाकघरापर्यंत टिकला. २०२० साली केंद्र सरकारने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य असलेल्या लहान मोटारींना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. पण रात्री-अपरात्री भाडे घेऊन जाणारा चालक अजून स्टेपनीशिवाय घाट चढत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

आमचे घर दहा बाय बाराचे. चेंबूरच्या पूर्वेकडे एका वस्तीत. तेवढ्या जागेत सात माणसे आणि वर्षातले सहा-सात महिने दोन-तीन टायर राहत. हे टायर घरात का येत, ते सांगितले पाहिजे. मुंबईचा पाऊस जूनमध्ये येतो आणि शाळाही जूनमध्येच सुरू होतात. वह्या, पुस्तके, गणवेश, छत्र्या, घरावरची ताडपत्री हा सगळा खर्च एकाच महिन्यात अंगावर येतो. टॅक्सीचे टायर गुळगुळीत झाले असतील तर तेही त्याच महिन्यात बदलावे लागतात. टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. ओल्या रस्त्यावरचे पाणी त्या नक्षीच्या खाचांतून बाजूला फेकले जाते, म्हणून रबर रस्त्याला धरून राहते. खाचा भरून आल्या की गाडी पाण्यावर घसरते. कायद्यानेही मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलीमीटरच्या खाली जाता कामा नये. पण जूनमध्ये दोन टायरचे पैसे एकदम आणायचे कुठून?

आमच्या आईने यावर उपाय काढला होता. दिवाळीनंतर धंदा बरा असे, तेव्हा एक टायर घ्यायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरा. दोन्ही घरात ठेवायचे आणि मे महिन्याच्या शेवटी गाडीला चढवायचे. उतरवलेल्या टायरपैकी बरा असलेला उन्हाळ्यासाठी जपायचा. कुणी सोन्यात पैसे घालतो, कुणी भिशीत घालतो, आमची आई टायरमध्ये घालत असे. म्हणून तो टायर नीट राहणे ही आमच्या घरात चैनीची गोष्ट नव्हती. जूनमध्ये त्याला भेग दिसली असती तर सहा महिन्यांची बचत पाण्यात गेली असती.

ऋतूप्रमाणे टायर बदलण्याची गरज थंड देशांत तर कायद्यानेच पडते. आमचा एक भाचा नोकरीनिमित्त जर्मनीत आहे. तो सांगतो की तिकडे प्रत्येक मोटारीला टायरचे दोन संच ठेवतात, एक उन्हाळ्याचा आणि एक हिवाळ्याचा. साधारण ७ अंशांच्या खाली पारा गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लावल्याशिवाय तिकडे गाडी चालवता येत नाही. स्वीडनमध्ये आणि कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातही असा कायदा आहे. उतरवलेला संच सहा महिने कुणी तळघरात ठेवतो, कुणी टायरवाल्या दुकानदाराकडे भाड्याने ठेवतो. आमच्या पुतण्याने भाच्याला विचारले, ‘‘दादा, तुम्ही तिकडे ठेवता तरी कसे?’’ त्याने सांगितलेले नियम ऐकले आणि आमच्या लक्षात आले की आई पलंगाखाली जे करत होती, त्यातले बहुतेक तेच होते.

टायर न वापरताही म्हातारा होतो, ही गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. रबर हा झाडाचा चीक. आपल्या देशातला बहुतांश चीक केरळातून येतो. नुसता चीक उन्हात चिकट होतो आणि थंडीत ठिसूळ होतो. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली गंधक आणि उष्णता वापरून तो टिकाऊ करण्याची रीत शोधली. टायरमध्ये काजळी घालतात, म्हणून तो काळा दिसतो. त्या काजळीने रबर चिवट होते आणि उन्हापासूनही काही प्रमाणात वाचते. याशिवाय रबराच्या पोटात एक प्रकारचे मेण आणि काही रसायने घातलेली असतात. ती हळूहळू वर येऊन टायरच्या अंगावर पातळ थर धरतात आणि हवेपासून त्याचे रक्षण करतात. टायर रस्त्यावर फिरतो, दबतो, वाकतो, तेव्हा हे मेण वर येत राहते. टायर पडून राहिला की ते काम मंदावते. म्हणूनच पडून असलेल्या टायरला अधिक जपावे लागते. अशा टायरवर कधी तपकिरी छटा दिसते. तो मळ नव्हे, तेच त्याचे औषध असते. ते पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसून काढू नये.

आता टायरचे शत्रू कोण ते पाहू. पहिले ऊन. दुसरी उष्णता. तिसरे तेल, ग्रीस, पेट्रोल, डिझेल आणि रॉकेल. यांनी रबर फुगते आणि मऊ पडते. चौथा शत्रू डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे ओझोन वायू. विजेची ठिणगी पडते तिथे हा वायू तयार होतो. वेल्डिंगचे दुकान, कार्बनच्या ब्रशवर चालणारी मोटार, बॅटरी चार्ज करण्याची जागा, अशा ठिकाणांजवळ ठेवलेल्या टायरला बारीक बारीक भेगा लवकर पडतात. वस्तीत घराला घर लागून असते आणि एका भिंतीपलीकडे वेल्डिंग चालते, तेव्हा टायर त्या भिंतीकडे न ठेवता समोरच्या भिंतीकडे ठेवणे एवढे तरी आपल्या हातात असते.

पाचवी गोष्ट हवेची नव्हे, वेळेची आहे. टायरच्या बाजूला अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. त्यांत शेवटी लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पुष्कळदा हे अंक टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा दोन्ही बाजू पाहाव्यात. २०२१ साली आमचे थोरले भाऊ टेम्पोसाठी टायर घ्यायला एका दुकानात गेले. दुकानदाराने टायर काढला. त्यावर रबराचे बारीक केस होते, नक्षी कोरी होती, वास नव्या रबराचा होता. भावांनी टायर फिरवून अंक पाहिले, तर १४१५. म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा माल. दुकानदार म्हणाला, ‘‘भाऊ, एक दिवस वापरलेला नाही. केस बघा ना!’’ भाऊ म्हणाले, ‘‘केस काळे आहेत शेठ, पण वय झालंय.’’ तो टायर तिथेच ठेवून ते पुढच्या दुकानात गेले. दहावी शिकलेल्या माणसाला चार अंक वाचता आले, म्हणून त्याचे काही हजार रुपये वाचले.

पुष्कळ टायर कंपन्यांचे सांगणे असे आहे की पाच वर्षे झाली की दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षे झाली की तो कितीही कोरा दिसो, काढून टाकावा. स्टेपनीलाही हाच नियम आहे. आपल्या उन्हात, जड ओझे वाहणाऱ्या गाडीला दहा वर्षांची वाट पाहूच नये असे आमचे मत आहे.

हे आम्ही उगाच सांगत नाही. आमच्या मावशीचे यजमान नाशिककडे भाजीचा टेम्पो चालवत. २०१२ च्या मे महिन्यात त्यांच्या पुढच्या चाकात खिळा शिरला. त्यांनी स्टेपनी काढून चढवली. ती स्टेपनी नऊ वर्षे टेम्पोच्या टपावर ऊन-पाऊस खात पडली होती. नक्षी अगदी नवी, कारण ती कधी रस्त्याला लागलीच नव्हती. सगळ्यांना वाटले, स्टेपनी नवीकोरी आहे. मुंबईकडे साठ-सत्तर किलोमीटर आल्यावर ती भर वेगात फाटली आणि टेम्पो दुभाजकावर गेला. जीव वाचला, पण गळपट्टीचे हाड मोडले. तीन महिने टेम्पो उभा आणि हप्ता चालू. मावशीने त्या तीन महिन्यांत चार घरची धुणीभांडी धरली आणि मुलीची शाळा चालू ठेवली. एक टायर काय करू शकतो, हे आमच्या नातलगांत तेव्हापासून कुणाला सांगावे लागत नाही.

आता तर रस्तेही बदलले आहेत. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. डिसेंबर २०२२ पासून तो टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. सरळ रस्ता, मोठा वेग, न थांबता तासन्‌तास चालणारी गाडी. अशा वेळी टायर तापतो. हवा कमी असेल तर तो अधिक दबतो, अधिक वाकतो आणि अधिकच तापतो. भेगा पडलेल्या जुन्या रबराला हे सहन होत नाही. टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ साली या महामार्गावर गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात झाली. पण खरी तपासणी आपल्या दारात, गाडी सुटण्याआधी व्हायला हवी.

टायर घरात ठेवायचा तर आधी तो धुवावा. साधे पाणी आणि साधा साबण पुरे. नक्षीत अडकलेले खडे, खिळे, काचा काढाव्यात. मग तो सावलीत पूर्ण वाळू द्यावा, आतूनसुद्धा. चमक यावी म्हणून तेलकट पॉलिश लावू नये. गाडीवरून उतरवलेला असेल तर तो कुठल्या चाकाचा, पुढचा की मागचा, डावा की उजवा, ते खडूने लिहून ठेवावे. कित्येक टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच पुन्हा चढवावा.

पुढचा प्रश्न उभा ठेवायचा की आडवा. याचे उत्तर रिमवर अवलंबून आहे. टायर रिमवर चढवलेला असेल, म्हणजे पूर्ण चाक असेल, तर तो आडवा ठेवावा. असे चार चाकांपर्यंत एकावर एक रचले तरी चालतात. रिम आणि हवा त्याचा आकार धरून ठेवतात. रिम नसलेला नुसता टायर मात्र उभा ठेवावा आणि महिन्यातून एकदा थोडा फिरवावा, म्हणजे एकाच जागेवर सगळा भार येत नाही. नुसते टायर एकावर एक रचून महिनोन्‌महिने ठेवले की खालचा चेपतो. खुंटीला किंवा दोरीने टांगला की वरची कडा ओढली जाऊन वाकडी होते. कडा वाकडी झाली की तो रिमवर नीट बसत नाही आणि हवा धरत नाही. उभा टायर घरात लहान मुले असतील तर भिंतीला बांधावा. मुलांना टायर दिसला की खेळ सुचतो, आणि तो अंगावर पडला की चांगलाच लागतो.

स्टेपनी हवा भरलेलीच ठेवावी. न वापरताही हवा हळूहळू उतरते. महिन्यातून एकदा पंपावर गेलात की चारही चाकांबरोबर तिचीही हवा पाहावी. नुसती ट्यूब ठेवायची असेल तर हवा काढून, कोरडी पुसून, शंखजिरे किंवा साधी टाल्कम पावडर लावून, सैल घडी करून कापडी पिशवीत ठेवावी. खिळ्याला टांगू नये. आई या पिशवीवर ‘ट्यूब’ असे लिहून ठेवत असे, कारण एकदा भाजी आणायला तीच पिशवी कुणीतरी उचलली होती.

जागेचा प्रश्न सगळ्यांत अवघड. मोठ्या घराच्या माणसाला कोरडी, थंड, अंधारी खोली असते. आपल्याकडे काय असते? पुष्कळजण टायर पोटमाळ्यावर टाकतात. पण पत्र्याखालचा पोटमाळा ही घरातली सगळ्यांत तापट जागा. एप्रिल-मे महिन्यात तिथे हात लाववत नाही. तिथे टायर ठेवणे म्हणजे तो भाजत ठेवणे होय. पलंगाखालची जागा त्यापेक्षा पुष्कळ चांगली. हिशेब करून पाहा. १६५/८० आर १४ मापाचा टायर आडवा ठेवला तर सुमारे ६२ सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडी जास्त जागा व्यापतो आणि उंची साडेसहा-सात इंच होते. रिमसह असा टायर पलंगाखाली सहज जातो. खाली फळी किंवा जाड पुठ्ठा घालावा, म्हणजे फरशीची ओल लागत नाही. वर जुनी गोधडी किंवा गोणपाट टाकावे. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा असेल तर टायर आधी खडखडीत कोरडा झालेला हवा, नाहीतर ओल आतच कोंडते. गॅसच्या शेगडीपासून, इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून आणि रॉकेल-पेट्रोलच्या डब्यापासून तो दूर ठेवावा.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहायला गेलेल्या आपल्या पुष्कळ कुटुंबांनी टायर जिन्यात किंवा सामायिक व्हरांड्यात ठेवलेले दिसतात. हे टाळले पाहिजे. जिना ही आगीच्या वेळी पळण्याची वाट आहे. टायर सहज पेटत नाही, पण एकदा पेटला की लवकर विझत नाही आणि त्याचा काळा धूर विषारी असतो. त्या धुरात आपलीच म्हातारी माणसे आणि मुले अडकतील.

सीएनजीच्या टॅक्सीत सिलिंडरने डिकी व्यापली आणि स्टेपनीला टपावर किंवा घरात जावे लागले. टपावर ठेवायचीच असेल तर तिला कापडी आवरण शिवून घ्यावे. आमच्या वहिनींनी जुन्या ताडपत्रीचे असे आवरण शिवले आहे. तळाला दोन भोके ठेवली आहेत, पाणी आले तर निघून जावे म्हणून. आणि गाडी लांबच्या भाड्याला निघाली की स्टेपनी घरी राहता कामा नये. घरात जपायचे ते जादाचे टायर. गाडीची स्टेपनी गाडीबरोबरच हवी.

आता पाण्याबद्दल. टायरची बनावटच अशी की आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. उभा केला तरी तळाशी राहते, आडवा केला तरी कडेच्या पोकळीत राहते. त्या अंधाऱ्या, सावलीच्या पाण्यात डेंग्यूचा डास, ज्याला एडिस म्हणतात, अंडी घालतो. हा डास दिवसा चावतो. डेंग्यूबरोबर चिकुनगुन्या आणि झिका हे आजारही तोच पसरवतो. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याने किती माणसे सांधे धरून बसली होती, ते पुष्कळांना आठवत असेल. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण २०२१ साली पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात सापडला. या डासाची मादी पाण्याच्या काठाला, टायरच्या आतल्या भिंतीवर अंडी चिकटवते. पाणी आटले तरी ती अंडी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पुढच्या पावसाचे पाणी चढले की फुटतात आणि आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही. आतली बाजू घासून कोरडी करावी लागते. हे संकट केवळ आपल्या वस्तीचे नाही. १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टन शहराच्या भागात आशियातला एक नवा एडिस डास वस्ती करून असलेला सापडला. तो जुन्या टायरच्या व्यापारातून, जहाजात बसून गेला होता.

आमच्या गल्लीत हे २०१६ च्या पावसाळ्यात घडले. शेजारची नऊ वर्षांची मुलगी डेंग्यूने आजारी पडली. पाच दिवस रुग्णालयात होती, प्लेटलेट उतरल्या होत्या, तिची आई रात्रभर बाकावर बसून काढत होती. पोर वाचली. त्यानंतर महापालिकेची माणसे आली. त्यांनी पिंपे पाहिली, कुंड्या पाहिल्या आणि मग शिडी लावून पत्र्यांवर चढली. पत्र्यांवर ताडपत्री आणि ताडपत्रीवर टायर. एका गल्लीत चोवीस टायर निघाले. त्यांतल्या अकरांत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

त्या संध्याकाळी गल्लीत मोठा वाद झाला. एकजण म्हणाला, ‘‘टायर काढले तर ताडपत्री उडेल. घरात पाणी शिरलं तर डेंग्यू परवडला!’’ त्याचेही खोटे नव्हते. पत्र्यावर टायर कुणी हौसेने ठेवत नाही. गळके छत असते, वारा असतो आणि फुकटात मिळणारे वजन म्हणजे टायर. तेव्हा मुलीची आजी पुढे येऊन एवढेच म्हणाली, ‘‘वजनच पायजे ना? मग वाळू भरा की.’’ दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या, बांधकामावरची टाकाऊ रेती मागून आणली आणि रेतीच्या पिशव्या भरून ताडपत्रीवर ठेवल्या. ज्यांना टायरच ठेवायचे होते, त्यांनी ते मधून कापून पट्ट्या केल्या आणि पालथ्या घातल्या. पट्टीत पाणी साठत नाही. खर्च जवळपास काही आला नाही. ताडपत्री एकाचीही उडाली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. टाकाऊ टायरला भोके पाडा, तो कापा, काही हरकत नाही. पण जो टायर पुन्हा रस्त्यावर जायचा आहे त्याला भोक पाडू नये. तो छपराखाली कोरडा ठेवणे हाच त्याचा उपाय.

आणि टायर अगदी निकामी झाला की? आपल्या आजोबांच्या पायात टायरच्या चपला होत्या. गल्लीतली पोरे काठीने टायर पळवत शाळेपर्यंत जात. आजही त्याच्या चपला, जनावरांची गव्हाण, झाडाची कुंडी होते. कुंडी केली तर तळाला भोके हवीत आणि माती काठोकाठ हवी. बाकीचे टायर भंगारवाल्याला द्यावेत. २०२२ पासून जुन्या टायरची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकांवरही टाकली आहे. थंडीत शेकोटीसाठी किंवा होळीला टायर जाळणे मात्र पूर्ण बंद झाले पाहिजे. तो धूर शेजाऱ्याच्या घरात नाही, आपल्याच पोराच्या छातीत जातो.

घरात टायर जपण्याचे काम बहुतेक घरांत बायाच करतात. गाडी पुरुष चालवतो, पण पलंगाखालचा टायर झाडताना कोण सरकवतो? म्हणून ही माहिती घरातल्या बायकांनीही वाचावी, आणि वाचता येत नसेल त्यांना मुलांनी वाचून दाखवावी. या रविवारी दहा मिनिटे काढा. घरातला, दारातला, टपावरचा आणि पत्र्यावरचा प्रत्येक टायर पाहा. पाणी असेल तर ओता आणि आतून घासा. भेगा आहेत का ते बोटाने दाबून पाहा. बाजूचे चार अंक मुलाला वाचायला सांगा आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पावसाळ्यात हेच काम दर आठवड्याला करा, कारण डासाला मोठे व्हायला आठवडाभराचाच अवधी लागतो. आणि शेजारी एकटा असेल, म्हातारा असेल, पत्र्यावर चढू शकत नसेल, तर त्याच्या पत्र्यावरचा टायरही खाली घ्या.